डिझेल इंजिन, किर्लोस्कर आणि खान्देशातल्या विहिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बोलताना सगळेच ‘इंजन’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे इंजिन न येता विहिरीच्या काठावरचे, हिरव्या रंगाचे, एका सिलिंडरचे पाणी ओढणारे यंत्र उभे राहते. माझे बालपण चोपड्याकडे अनेर नदीच्या काठच्या शेतात अशाच एका इंजिनाच्या आवाजात गेले. पुढे इंजिनांच्या दुरुस्तीशी अनेक वर्षे संबंध राहिला आणि शेतकरी, अभियांत्रिकीचे विद्यार्थी व जनरेटर घेऊ पाहणारे व्यावसायिक यांच्याकडून तेच ते प्रश्न ऐकत आलो. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी कधी आणि कशी सुरू झाली?

ही कंपनी पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली सुरू झाली, पण तिची पाळेमुळे त्याच्या बऱ्याच आधीची आहेत आणि ती शेतीत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली आणि तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरानंतर पाणी उपसणारे पंप आले. पंप आला की तो फिरवायला शक्ती लागते आणि त्या काळी खेड्यांत वीज नव्हती. बैलांच्या जोरावर मोट चालते, पण सेंट्रिफ्युगल पंप चालत नाही, कारण त्याला मिनिटाला हजार-दीड हजार फेरे लागतात. पंप बनवणाऱ्या घराण्याने पुढे इंजिन बनवावे, हे त्या गरजेतूनच आले.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव किर्लोस्कर (१९०३–१९९४) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले होते. इंजिनाचा कारखाना त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याच वर्षी, म्हणजे १९४६ मध्येच, विजेच्या मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी बंगळूरला सुरू झाली. जिथे वीज पोहोचली तिथे मोटार आणि जिथे पोहोचली नाही तिथे इंजिन, अशी दोन्ही बाजूंची तयारी एकाच वर्षात झाली, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंजिनाचे सुरुवातीचे तंत्रज्ञान ब्रिटिश होते. सुप्रसिद्ध एव्ही-१ इंजिनाची जात इंग्लंडमधल्या पेटर इंजिनांची आहे आणि दोघांच्या सिलिंडरचे माप एकच आहे.

‘ऑइल इंजिन’ आणि ‘डिझेल इंजिन’ यांत फरक आहे का?

आज व्यवहारात फरक उरलेला नाही. जुन्या काळी पेट्रोलपेक्षा जड तेलावर चालणाऱ्या सर्वच इंजिनांना ऑइल इंजिन म्हणत. त्यांतल्या काही इंजिनांच्या डोक्यावर लोखंडाची एक पोकळ कुपी असे. इंजिन सुरू करण्याआधी दिव्याच्या ज्योतीने ती लाल होईपर्यंत तापवावी लागे आणि तिच्या उष्णतेने तेल पेट घेई. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने वेगळा मार्ग धरला. हवाच इतकी दाबायची की दाबल्यामुळे ती पुरेशी तापेल आणि तिच्यात तेलाची फवार सोडताच ते आपोआप पेटेल, ही त्याची कल्पना होती. त्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालले. विहिरीवरच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो आणि बॅटरी नसली तरी चालते, ते याच तत्त्वामुळे. जिथे मैलभर गॅरेज नाही, अशा शेतावर ही गोष्ट फार मोठी ठरली.

महाराष्ट्रात त्याआधी डिझेल इंजिने बनत नव्हती का?

बनत होती. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. तिथेही लोखंडी नांगरांपासूनच सुरुवात झाली आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. पुढे चिंचवडला रस्टन जातीची इंजिनेही तयार होऊ लागली.

किर्लोस्कर कमिन्स हीच कंपनी आहे का?

नाही. किर्लोस्कर कमिन्स हा अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबरचा १९६२ मधला वेगळा भागीदारीचा उद्योग होता. १९९० च्या दशकात किर्लोस्करांचा वाटा संपला आणि ती कंपनी आज कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाते. जुन्या जनरेटरवर दोन्ही नावे एकत्र दिसतात, त्यामुळे सुटे भाग मागवताना घोटाळा होतो. दोन्ही इंजिनांचे भाग एकमेकांना लागत नाहीत, म्हणून दुकानात जाण्याआधी पितळी पाटीवरचा मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा.

एव्ही-१, टीव्ही-१, टीएएफ-१ ही नावे सारखी ऐकू येतात. त्यांत फरक काय?

तिन्ही इंजिने एका सिलिंडरची, उभ्या बांधणीची आणि चार स्ट्रोकची आहेत. एव्ही-१ मध्ये सिलिंडरचा व्यास ८० मि.मी. आणि पिस्टनची धाव ११० मि.मी. असते, म्हणजे सुमारे ५५३ घन सेंटीमीटर जागा. ते मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५ अश्वशक्ती, अर्थात ३.७ किलोवॅट देते. टीव्ही-१ मध्ये धाव तीच ठेवून व्यास ८७.५ मि.मी. केला आहे, त्यामुळे जागा ६६१ घन सेंटीमीटर होते आणि शक्ती ५.२ किलोवॅट, म्हणजे ७ अश्वशक्तीपर्यंत जाते. ही दोन्ही पाण्याने थंड होतात. टीएएफ-१ चे मापही ८७.५ गुणिले ११० मि.मी. असले तरी ते हवेने थंड होते, त्याच्या सिलिंडरला उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्या (फिन) असतात आणि ते सुमारे ४.४ किलोवॅट देते.

जळगाव, फैजपूर, धुळे, शिरपूर येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी टीव्ही-१ विषयी हमखास विचारतात, कारण देशभरातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हेच इंजिन दिसते आणि जैवइंधनावरच्या कितीतरी प्रयोगांत तेच वापरलेले असते. त्याचे दाबाचे प्रमाण १७.५ ला १ असून पिस्टन वर पोहोचण्याच्या २३ अंश आधी नोझलमधून सुमारे २०० बार दाबाने डिझेल सुटते.

ते डिझेल किती असते, हे एकदा हिशोब करून पाहण्यासारखे आहे. पूर्ण भारावरचे एव्ही-१ तासाला साधारण १.१ लिटर डिझेल घेते. मिनिटाला १५०० फेरे आणि दर दोन फेऱ्यांना एकदा फवार, म्हणजे मिनिटाला ७५० आणि तासाला ४५,००० फवारे. एका फवाऱ्याच्या वाट्याला येते सुमारे २४ घन मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या निम्मे. हे अर्ध्या थेंबाचे माप दर वेळी तंतोतंत मोजणे, ते धुक्यासारखे बारीक करणे आणि सेकंदाला साडेबारा वेळा योग्य क्षणी सोडणे, हे काम पंप आणि नोझल वर्षानुवर्षे करतात. डिझेलमध्ये गेलेला धुळीचा कण एवढे नुकसान का करतो, हे यावरून समजावे.

या इंजिनांचा वेग १५०० फेऱ्यांवरच का ठरवलेला असतो?

आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा वेग आणि चार ध्रुवांचा अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) यांचे गणित १५०० फेऱ्यांवर जुळते. पंपांचीही रचना साधारण याच वेगाच्या मोटारींसाठी केलेली असते. त्यामुळे एकच इंजिन पंपाला जोडता येते, अल्टरनेटरला जोडता येते आणि पट्टा टाकून मळणी यंत्रालाही जोडता येते. गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाची, स्प्रिंग ताणून वेग वाढवल्याने पाणी थोडे जास्त मिळते खरे, पण डिझेल त्याहून जास्त लागते आणि बेरिंगचे आयुष्य कमी होते. असे करू नये.

पिठाच्या गिरणीत दोन मोठ्या चाकांचे, संथ आवाजाचे इंजिन असे. तेही किर्लोस्करच का?

बहुतेक वेळा ते लिस्टर जातीचे असते. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या डर्सली गावातील आर. ए. लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास ‘कोल्ड स्टार्ट’ नावाची इंजिने बाजारात आणली. आधी सांगितलेली कुपी तापवण्याची गरज त्यांना नव्हती, म्हणून हे नाव पडले. त्यांतले सहा अश्वशक्तीचे इंजिन साडेचार इंच व्यासाचे आणि साडेपाच इंच धावेचे असून ते मिनिटाला फक्त ६५० फेरे घेते, त्यामुळे त्याचा ‘टुक्... टुक्...’ असा सुटा आवाज कोसभर ऐकू येई आणि गिरणी चालू आहे की नाही हे गावाला घरबसल्या कळे. इंग्लंडमधले उत्पादन १९८७ मध्ये थांबले, पण गुजरातेत राजकोटला याच नमुन्याची इंजिने मोठ्या संख्येने बनत आली आहेत. खान्देशाच्या पश्चिम भागाला गुजरात जवळ असल्याने आपल्याकडे ती पुष्कळ आली. अशा संथ आणि जड इंजिनाला चुका पोटात घालता येतात, तर १५०० फेऱ्यांचे इंजिन हलके असते, कमी जागा घेते, पण त्याला शिस्त लागते.

हँडल मारण्याची योग्य पद्धत कोणती?

हा प्रश्न आता कमी विचारला जातो, पण ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांच्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आमच्या शेतावर वडील आधी डिकॉम्प्रेशनची लिव्हर वर करत. तिच्यामुळे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि हवा दाबली जात नाही, म्हणून चाक सहज फिरते. मग ते हँडल अगदी सावकाश दोन-तीन वेळा फिरवून कान देत. सिलिंडरच्या डोक्यातून ‘कर्र’ असा बारीक आवाज आला की नोझल फवारते आहे हे समजे. त्यानंतर ते पाय रोवून उभे राहत, चाकाला वेग देत आणि आठ-दहा फेऱ्यांनंतर लिव्हर खाली सोडत. एक ठोका, दुसरा ठोका, धुराचा एक करडा गोळा, आणि इंजिन लागे. हँडल शाफ्टवरून आपोआप सुटते, ते हातातच ठेवून बाजूला व्हायचे.

त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा हँडलभोवती वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अशा पकडीतून हँडल हाताबाहेर निसटते. अंगठा भोवती वळवलेला असेल, तर मनगट किंवा अंगठा मोडतो. मी स्वतः एकदा घाईत ही चूक केली आणि महिनाभर हात गळ्यात अडकवून फिरलो. सैल कपडे आणि गळ्यातला रुमाल काढून ठेवावा, आणि लहान मुलांना चाकाच्या रेषेत कधीही उभे राहू देऊ नये.

पूर्वी इंजिन विहिरीच्या आत ओट्यावर का बसवत?

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर पंप फक्त नळीतली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा हा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उचलू शकतो. नळीतले घर्षण, फुटव्हॉल्व्ह (नळीच्या तळाची झडप) आणि सांध्यांची गळती धरली की प्रत्यक्षात ६ ते ७ मीटर, म्हणजे २० ते २३ फूट एवढेच हाती लागतात. त्याहून खोल पाणी काठावरच्या पंपाला येतच नाही, मग इंजिन ५ अश्वशक्तीचे असो की ५०. पाणी जसजसे खाली गेले तसतसे लोकांनी इंजिन खाली नेले. आधी काठावर, मग विहिरीच्या निम्म्यावर बांधलेल्या ओट्यावर, मग त्याहून खाली. पावसाळ्यात पाणी वर आले की चार-सहा जण दोर आणि साखळ्या लावून तेच इंजिन वर काढत.

या पद्धतीत जीव गेलेले आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. विहिरीत इंजिन चालले की धूर खाली साठतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही आणि वास ओळखता येत नाही. शिवाय आतला प्राणवायू इंजिनच वापरत असते. धुराडे विहिरीच्या काठाच्या वर, वारा धूर दूर नेईल त्या दिशेला काढल्याशिवाय विहिरीत इंजिन चालवू नये. इंजिन चालू असताना किंवा नुकतेच बंद केलेले असताना आत उतरू नये, एकट्याने तर मुळीच उतरू नये. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे लगेच दुसऱ्याने उडी घेऊ नये, कारण अनेक घटनांत वाचवायला गेलेलाच दुसरा बळी ठरतो. वरून दोर बांधून, आत मोकळी हवा सोडून मगच उतरावे.

मग खान्देशातून ही इंजिने गेली कशामुळे? कंपनीची इंजिने खराब झाली का?

इंजिने खराब झाली नाहीत, पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. हे समजण्यासाठी खान्देशाची जमीन पाहावी लागते. धुळे जिल्ह्याचा मोठा भाग आणि तापीच्या दक्षिणेकडचा पट्टा काळ्या पाषाणावर आहे. तिथल्या खोदविहिरी फार खोल जात नाहीत आणि पाणी खडकाच्या भेगांतून झिरपते. तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर हा पट्टा मात्र गाळाच्या जाड थरांचा आहे. केळीला बाराही महिने पाणी लागते आणि ते या गाळातून कूपनलिकांनी उपसले गेले. यावल आणि रावेर या तालुक्यांची गणना अतिउपसा झालेल्या भागांत झाली. तिथे पाणी शंभर फुटांखाली गेले की काठावरचे किंवा ओट्यावरचे इंजिन निरुपयोगी ठरते, आणि पाण्यात बुडवून ठेवायचा सबमर्सिबल पंप लागतो. तो विजेवरच चालतो.

पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीची येथे आठवण होते. बंधाऱ्यातून पाटाने पाणी उताराने शेतात नेण्याची ती शेकडो वर्षांची पद्धत आहे आणि तिच्यात उपसा नाहीच. पाणी वाटून घ्यायचे असते, ओढायचे नसते. ज्या गावांना फड लाभला नाही, तिथे आधी मोट आणि मग इंजिन आले. पाण्याशी आपले नाते कसे बदलत गेले, हे पाट, मोट, इंजिन आणि सबमर्सिबल या चार टप्प्यांत दिसते.

दुसरे कारण वीज. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत शेतीपंपांना जोडण्या मिळत गेल्या. मोटार सुरू करायला एक बटण पुरते. इंजिन कंपनीनेही हा बदल ओळखला. तिने २०१७ मध्ये अहमदाबादच्या ला-गज्जर मशिनरीज या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. वरुणा नावाचे सबमर्सिबल पंप याच कंपनीचे आहेत.

डिझेलवर पाणी देणे आज परवडते का?

भाव बदलत राहतात, म्हणून येथे फक्त मोजमाप देतो. त्यात आपापल्या गावचा भाव घालून हिशोब करावा. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली आणि एकूण उचल १२ मीटर असली, तर ५ अश्वशक्तीचे इंजिन सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी देते. एक एकरावर ५० मि.मी. पाणी द्यायचे म्हणजे सुमारे २ लाख लिटर. त्याला पावणेचार तास लागतात आणि साधारण ४ लिटर डिझेल जळते. उचल २४ मीटर झाली की वेळ आणि डिझेल दोन्ही दुप्पट. तेवढ्याच शक्तीची विजेची मोटार तासाला चार-साडेचार युनिट घेते.

म्हणून रोजच्या ओलितासाठी इंजिन आता कोणी घेऊ नये, असेच मी सांगतो. पण तापी, गिरणा किंवा अनेरच्या काठावरून उथळ पाणी उचलायचे असेल, पेरणीनंतर पावसाने ओढ दिली असताना कापसाला एक पाणी देऊन पीक वाचवायचे असेल, किंवा रोहित्र जळाले असून ते कधी बदलून मिळेल याची खात्री नसेल, तर हातगाडीवरचे इंजिन आजही उपयोगी पडते. ठिबकवर तेच ४ लिटर डिझेल कितीतरी जास्त क्षेत्र भिजवते, कारण पाणीच कमी लागते. मात्र फिल्टर आणि नळ्यांचा दाब उचलीत धरावा लागतो. दिवसा ऊन भरपूर असलेल्या आपल्या भागात सौरपंप हा नवा पर्याय उभा आहे आणि तो मिळत असेल तर इंजिनाचा विचारही करू नये.

इंजिनाने ‘एअर घेतली’ म्हणजे काय?

टाकीतले डिझेल संपेपर्यंत इंजिन चालले की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही, म्हणून पंप फक्त हवा दाबत-सोडत बसतो आणि नोझल उघडत नाही. टाकी भरावी, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, मग पंपाजवळचा स्क्रू, आणि शेवटी नोझलची नळी सैल करून हँडल फिरवावे. क्रम टाकीकडून नोझलकडे असाच हवा. उघड्या पिंपातले, तळाला पाणी साचलेले डिझेल वापरू नये. एकदा एका पंपावरून आणलेल्या डिझेलमध्ये इतके पाणी निघाले की नवी नोझल आठवड्यात गंजून बसली. तेव्हापासून काचेच्या बाटलीत डिझेल रात्रभर ठेवून तळ पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

धुराच्या रंगावरून काय ओळखावे?

काळा धूर म्हणजे भार जास्त, एअर फिल्टर चोंदलेला किंवा नोझल टपकणारी. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजून ऑइल जळते आहे. पांढरा धूर सकाळच्या थंडीत थोडा वेळ आला तर हरकत नाही. इंजिन तापल्यावरही राहिला तर डिझेलमध्ये पाणी आहे किंवा दाब कमी पडतो आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याने थंड होणारे इंजिन बरे की हवेने?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. विहिरीवर पाणी हाताशीच असते, म्हणून पंपाच्याच नळीतून पाणी घेऊन थंड होणारे इंजिन सोयीचे. त्यात एक चूक सर्रास होते: लोक नळ पूर्ण उघडा ठेवतात आणि इंजिन गार आहे म्हणून समाधानी राहतात. फार थंड लायनरवर आम्लयुक्त ओल जमते आणि तो लवकर झिजतो. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले कडक लागले पाहिजे. शिवाय आपल्या अनेक विहिरींचे पाणी क्षारांचे आहे, ते आतल्या पोकळीत थर धरते, म्हणून दोन-तीन हंगामांनी हेड उघडून साफ करावे. जिथे पाणी नाही अशा फवारणी, मळणी किंवा बांधकामाच्या कामाला हवेने थंड होणारे इंजिन घ्यावे; त्याच्या पात्यांमध्ये कापसाची बोंड-धूळ आणि भुसा अडकू देऊ नये.

कंपनी आज काय काय बनवते?

आज तिच्या उत्पादनात जनरेटर संचांचा वाटा मोठा आहे आणि ते काही केव्हीएपासून (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे माप) हजार केव्हीएच्या पुढेपर्यंत मिळतात. खडकीबरोबर कागल आणि नाशिक येथेही तिचे कारखाने आहेत. शेती-पंपाची इंजिने, बांधकाम यंत्रांची इंजिने, आग विझवण्याच्या पंपांची इंजिने, पॉवर टिलर आणि फ्रान्सच्या पीलस्टिक परवान्याची मोठी इंजिनेही ती बनवते. मोठ्या इंजिनांचे काम नौदलासाठी चालते.

जिनिंग, केळी पिकवण्याचे चेंबर किंवा दवाखान्यासाठी जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा?

केव्हीएला ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात, म्हणजे २५ केव्हीएचा संच २० किलोवॅट देतो. पण मोटारींचा भार असेल तर एवढ्यावर थांबू नये. मोटार थेट सुरू होताना चालू भाराच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. सर्वांत मोठी मोटार सुरू होत असताना बाकीचे दिवे आणि कॉम्प्रेसर चालू राहतील, असा हिशोब हवा, आणि शक्य असेल तर सुरुवातीचा प्रवाह कमी ठेवणारा स्टार-डेल्टा किंवा सॉफ्ट स्टार्टर लावावा. उलट, फार मोठा संच घेऊन त्याला एक चतुर्थांश भारावर चालवणेही वाईट, कारण इंजिन नीट तापत नाही आणि धुराड्यात काजळी व ऑइल साचते.

नवीन संच घेताना तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चौथ्या-अधिक टप्प्याच्या (सीपीसीबी ४+) नियमांचा आहे का, हे पाहावे. हे नियम १ जुलै २०२३ पासून लागू झाले आणि ८०० किलोवॅटपर्यंतच्या संचांना आहेत. आधीच्या टप्प्यातल्या संचांच्या विक्रीला ३० जून २०२४ पर्यंत मुदत होती. नव्या संचांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे, त्यामुळे हातोडी-पान्याने दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला आता लॅपटॉपही लागतो. आवाजावरही बंधन आहे: पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज येता कामा नये.

करंजाचे किंवा सरकीचे तेल थेट टाकून इंजिन चालते का?

चालते, आणि त्यामुळेच फसायला होते. वनस्पती तेल डिझेलच्या सुमारे दहा पट घट्ट असते, त्यामुळे ते बारीक फवारत नाही, नोझलच्या टोकाला काजळीची फुले येतात आणि रिंगा चिकटतात. प्रक्रिया करून बनवलेले बायोडिझेल वेगळे. कच्चे तेल टाकू नये.

वडिलांच्या वेळचे इंजिन गोठ्यात वीस वर्षांपासून पडून आहे. ते चालू होईल का?

बहुतेक वेळा होते. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा प्रयत्न करावा. प्रथम हँडल मारू नये. टाकी काढून गाळ धुवावा, जुने ऑइल काढावे आणि त्यात पाणी उतरले आहे का ते पाहावे. नोझल काढून त्या छिद्रातून चमचाभर पातळ ऑइल सोडावे, दोन दिवस तसेच राहू द्यावे आणि मग डिकॉम्प्रेशनची लिव्हर वर करून चाक हाताने हलवावे. अडकले असेल तर जोर करू नये, पिस्टन लायनरला धरला आहे, तो सोडवणे मिस्त्रीचे काम. चाक फिरले तर नोझल तपासणीच्या पंपावर लावून फवार पाहावी, फिल्टर नवा टाकावा, ऑइल भरावे, हवा काढावी. हेडची गॅस्केट आणि पाण्याच्या नळ्यांचे रबर बदलणे स्वस्त आहे, ते टाळू नये. विकत घेताना लिव्हर खाली ठेवून चाक सावकाश फिरवावे. दाबाच्या जागी ते अडून मागे उसळले तर इंजिनात दम आहे.

सगळे झाल्यावर लिव्हर वर ठेवूनच हँडल अगदी हळू फिरवावे, आणि सिलिंडरच्या डोक्यात ‘कर्र’ असा आवाज येईपर्यंत फिरवत राहावे. तो आवाज आल्याशिवाय लिव्हर खाली सोडू नये.